बिनतारखेचा कागद

तो कागद माझ्याच डोक्यातून निघाला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना मी कोणी मोठी शूरवीर होते असं वाटायचं.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कपड्यांच्या फॅक्टरीत मी पर्सोनेल क्लार्क होते. अमेरिकेतल्या दुकानांसाठी तिथे पुरुषांच्या पँट्स शिवल्या जायच्या. हजेरी, रजा, लेबर कार्ड, व्हिसा, पासपोर्ट, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. नवरा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत साइट इंजिनिअर आणि आम्ही राहायला अल मजाजला. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर होता. म्हणजे कंपनीने उद्या मला हाकललं असतं तरी मला देश सोडावा लागला नसता. फॅक्टरीत तीनशेच्या वर माणसं होती, पण असं म्हणू शकणारी मी एकटीच.

तेव्हा कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. रजेवर गावी जायचं तर पासपोर्ट हातात मिळायला दोन जामीन लागत. सोबतच्या दोघांनी लिहून द्यायचं की हा परत येईल. नाही आला, तर त्या दोघांची पुढची रजा रद्द. एकदा असाच एक गेला तो गेलाच, आणि त्याच्या जामीनदाराला सख्ख्या बहिणीच्या लग्नाला जाता आलं नाही. तो माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहून रडला. माझं डोकं सणकलं. तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले आणि म्हटलं, "हे काय चाललंय? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

मॅनेजर शांत माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. म्हणाला, "मग तुम्हीच उपाय सांगा."

आणि मी सांगितला! उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, रजेवर जाणाऱ्याकडूनच राजीनामा घेऊन ठेवा, तारीख न घालता. परत आला तर कागद फायलीत पडून राहील. नाही आला, तर तारीख घाला, व्हिसा कॅन्सल करा, खलास. दुसऱ्या कोणाला भुर्दंड नको. त्याला ते फार पसंत पडलं. मीच कंपनीच्या लेटरहेडवर इंग्रजीत तीन ओळी टाइप केल्या: मी माझ्या खुशीने नोकरी सोडत आहे, माझं कंपनीकडे काही मागणं नाही, मला मोकळं करावं. खाली सही, आणि तारखेची जागा कोरी.

जामिनाची कटकट गेली म्हणून लोक खूश. रजेवरून येताना कोणी पेढे आणले, कोणी केळ्याचे वेफर्स, कोणी घरची चटणी. माझं टेबल दिवाळीसारखं भरायचं. माणूस परत आला की त्याचा कागद फाडून टाकायला हवा होता, नाही का? मी नाही फाडले. पुढच्या वर्षी पुन्हा सही घ्यायचा व्याप नको, म्हणून तसेच फायलीत ठेवले. आळस, दुसरं काय.

मग दोन हजार चार उजाडलं. अमेरिका तेव्हा एकेका देशाकडून ठरावीकच कपडा घ्यायची, त्याला कोटा म्हणत. हिंदुस्तान आणि चीनचा वाटा भरला की फॅक्टरीवाले इथे येऊन शेड टाकायचे. इथून माल पाठवायला जागा असायची. आमचं सगळं दुकान त्याच्यावर चाललेलं. दोन हजार पाच लागलं की कोटा उठणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ठाऊक असणं वेगळं आणि एका सकाळी कापडाचा ट्रकच न येणं वेगळं. करार संपतील तसतशी माणसं गळत तोवर पन्नासेकच उरली होती, आणि आता फॅक्टरीच बंद होणार होती.

कापड आलं नाही की सगळ्यात आधी कटिंगवाले रिकामे होतात. शिवणवाल्यांकडे कापलेला माल अजून असतो, फिनिशिंगकडे शिवलेला. त्यामुळे कटिंगचे नऊ जण पहिले निघाले. मॅनेजर म्हणाला, "त्यांचे ते कागद काढा आणि तारखा घाला. रुटीन आहे, कॅन्सलेशनला लागतं." मी काढले. तारखा घातल्या. इचलकरंजीचा एक कटर तेव्हा पासपोर्ट घ्यायला टेबलासमोरच उभा होता. शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस. त्याला मी म्हटलं, "गावी गेलास की काय करणार?" तो म्हणाला, "बघू ताई, काहीतरी निघेल." नऊ जण विमानात बसले. मी चहा घेतला आणि पुढच्या फायलीला लागले.

त्यानंतर आठवड्याभरात आंटी आली.

आंटी वसईची. फिनिशिंगमध्ये चेकर होती, तयार पँट तपासून चूक असेल तिथे लाल बाणाचा स्टिकर लावायचा हे तिचं काम. फ्लोअरवर सगळे तिला आंटीच म्हणत. पन्नाशीची, गळ्यात बारीक क्रूस, आणि नजर अशी की चालत्या माणसाच्या शर्टाचं तुटकं बटण लांबून दिसायचं. चारचौघांत मला मॅडम म्हणायची आणि एकटी असले की बाय.

"बाय, माझं काम झालं!" ती म्हणाली. फुजैराच्या एका हॉटेलात लिनन रूमला बाई हवी होती. चादरी, टॉवेल, युनिफॉर्म तपासायचे, शिवायचे. एक तारखेपासून हजर व्हायचं. "फक्त तुमचं लेटर पायजे, की कंपनी बंद झाली म्हणून मला काढलं."

आंटीला ते काम का हवं होतं ते मला माहीत होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी मिरजेला नर्सिंगला, अजून एक वर्ष बाकी. ते वर्ष पार पडलं की पोरगी आपल्या पायावर उभी, आणि आंटी घरी. "एक वर्ष बाय, मग मी माझी आळूवडी करीन नि गप बसीन," असं ती रोज म्हणायची.

आणि लेटरला एवढं महत्त्व का, तेही सांगते. तिथला नियम आम्हाला सांगितलेला तो असा: कंपनीने काढलं, तर परतीचं तिकीट, सर्व्हिसचे पूर्ण पैसे, आणि दुसरीकडे काम धरायची मोकळीक. स्वतःहून सोडलं, तर यातलं बरंच हातचं जायचं आणि वर सहा महिन्यांची बंदी. सहा महिने हॉटेल कोणासाठी थांबतंय!

मी म्हटलं, "आंटी, तासाभरात देते." आणि मॅनेजरकडे गेले.

"तिने राजीनामा दिलाय ना," तो म्हणाला.

"कधी?"

"फाइल बघा. सगळ्यांनीच दिलेत."

तो हसतही नव्हता, रागावलाही नव्हता. उरलेल्या अडतीस जणांचे कागद काढून तारखा घाला, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ते रजेचे कागद आहेत, तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तो म्हणाला, "त्यावर रजा असं कुठे लिहिलंय? तुम्हीच टाइप केलेत." खरंच नव्हतं लिहिलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. "मी नाही घालणार तारखा," मी म्हटलं. "हरकत नाही," तो म्हणाला आणि फाइल माझ्या हातातून अलगद काढून घेतली. तारखा त्याने स्वतः घातल्या.

घरी आले तर बसवेना. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून बाल्कनी, पुन्हा हॉल. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही मोजलं नाही, भाताचा पार लगदा. मुलगी अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, प्लीज सिट डाउन. यू आर मेकिंग मी डिझी." नवरा म्हणाला, "पायाला भिंगरी लागलीय आज. झालं काय?" सगळं सांगितलं. त्याने नेहमीचं सुरू केलं. आपण इथे भांडायला आलोय का, लेबर ऑफिसात नाव गेलं तर उद्या माझ्या कंपनीत कोणी विचारेल, तू क्लार्क आहेस, वकील नाहीस. मी म्हटलं, "कागद मी बनवलाय." तो म्हणाला, "अगं, पण चांगल्यासाठीच ना?" हेच तर! चांगल्यासाठी केलं म्हणून कोणाचे बंदीचे सहा महिने कमी होणार होते? त्या दिवशी आम्ही एकमेकांशी धड बोललोही नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या मालाची तपासणी होती. त्यासाठी अमेरिकेतल्या खरेदीदाराचा माणूस यायचा. आठ-नऊ वर्षं येत होता, उंच, घामाघूम, सगळ्यांशी हात मिळवणारा. निघताना निरोप घ्यायला माझ्या टेबलाशी थांबला आणि गप्पांच्या भरात त्याच्या गावचं सांगायला लागला. त्याच्या गावातली पँटची गिरणी अशीच बंद पडली होती. त्याची मेव्हणी तिथे शिलाईला होती. तिथे म्हणे सरकारची एक योजना आहे: परदेशी मालामुळे किंवा काम परदेशी गेल्यामुळे तुमची नोकरी गेली, तर तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा. सरकार चौकशी करतं, काम खरंच कुठे गेलं ते बघतं. पटलं, तर त्या तिघांनाच नाही, त्या खात्यातल्या सगळ्यांना मदत. नवं शिक्षण, ते शिकेपर्यंत पगारासारखं काही, दुसऱ्या गावी काम शोधायला जायचा खर्च. मेव्हणी त्यात दवाखान्यातलं काम शिकली. "आणि ते काम गेलं कुठे, माहितीये?" तो हसत म्हणाला. "इथे. तुमच्याकडे!"

मला हसू येईना. म्हणजे आमच्यामुळे तिची नोकरी गेली, तर तिची चौकशी करायला सरकार आलं. आता आमची चाललीय बांगलादेशला नाहीतर चीनला, आमची चौकशी कोण करणार? पात्रतेचा प्रश्न तरी कोणी विचारणार का? आमची पात्रता काय, तर एक कोरी जागा, तीही मीच ठेवलेली. तो बिचारा सरळ मनाने सांगत होता आणि मला त्याचा संताप येत होता. विनाकारण. त्याची काय चूक!

पण तीन हा आकडा डोक्यात बसला. अडतीस माणसं घेऊन लेबर ऑफिसला जाणं म्हणजे दंगा. एकटी आंटी गेली तर तिला कोण विचारतो. तिघं गेले तर? सगळ्यांच्या वतीने?

जेवणाच्या सुट्टीत फिनिशिंगमध्ये गेले आणि सरळ सांगितलं. तुमचे रजेचे कागद राजीनामे म्हणून चाललेत. कल्पना माझी होती, कागद मी टाइप केले, फाडायचे राहिले तेही माझ्याचमुळे. आता तीन जण द्या. एकाने शिवी दिली, मला की मॅनेजरला ते कळलं नाही. मला असावी. मग आंटीने हातातला डबा बंद केला आणि म्हणाली, "एक मी." इस्त्रीवाला बिहारी आणि पॅकिंगची एक श्रीलंकन मुलगी, असे तीन झाले.

टायपिंग सेंटरमध्ये अरबीत अर्ज करून घेतला. टाइप करणाऱ्याने तीस दिरहम घेतले, म्हणजे साडेतीनशे रुपये, चार ओळींचे! बाहेर आल्यावर मी आंटीला म्हटलं, "ऑफिसर विचारेल, राजीनाम्यावर सही केलीस का. तू नाही म्हण. मला आठवत नाही म्हण." तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिला चर्चमध्ये नाचायला सांगितलं होतं. "सही माझी हाय, बाय. नाय कशी म्हणू?" मी तिच्यावर चिडले. अगं बाई, तुझी पोरगी तिथे बसलीय, तुला काय पडलंय! पदर नसला तरी तिची पदर सावरल्यासारखी एक सवय होती, ओढणीचं टोक घट्ट धरायची, तेवढं केलं.

तारीख मिळाली त्या सकाळी मी रजा टाकली. कशाची रजा, हा प्रश्नच होता. लेबर ऑफिसात खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. मी तर उभीच होते, मग फेऱ्या घालत होते, मग पाणी प्यायला गेले, मग पुन्हा दारातून डोकावले. शेवटी नंबर आला. आत कांदोरा, म्हणजे अरबांचा लांब पांढरा झगा, घातलेला तरुण ऑफिसर, समोर आमच्या कंपनीची सरकारी कामं बघणारा पीआरओ फाइल घेऊन. ऑफिसरने मला विचारलं, "तुम कौन?"

"कंपनी की क्लार्क."

"तो उधर बैठो." आणि त्याने पीआरओच्या शेजारची खुर्ची दाखवली. कंपनीच्या बाजूची. मी बसले. दुसरं करणार काय!

पीआरओने आंटीचा कागद पुढे ठेवला. ऑफिसरने तो तिच्यापुढे सरकवला. "ये साइन तेरा है?"

"हां साब, मेरा है।"

झालं! मी डोळे मिटून घेतले. इस्त्रीवाल्याने कपाळाला हात लावला. पीआरओ फाइल आवरायलाही लागला.

पण आंटीने कागद परत दिला नाही. तो उचलला, खिडकीकडे वळली, आणि उजेडात दोन्ही हातांनी ताणून धरला. पँटची शिवण बघताना धरायची, अगदी तसाच. मग तो टेबलावर ठेवून कागदाच्या डोक्यावर बोट टेकवलं. "साब, साइन मेरा है। लेकिन कागज़ पुराना है। तारीख इस महीने का, और ये ऊपर का छापा दो साल पहले बंद हुआ।"

मी ताडकन उठले. कंपनीचा पोस्ट बॉक्स आणि बोधचिन्ह दोन वर्षांपूर्वी बदललं होतं, नवे लेटरहेड मीच छापून घेतले होते! इतक्या वेळा ते कागद हाताळले आणि माझ्या लक्षात आलं नाही. ऑफिसरने पीआरओच्या फायलीतून कंपनीचं ताजं पत्र काढलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. मग आंटीला विचारलं, सही कधी केलीस. ती म्हणाली, तीन वर्षांमागे, आई वारली तेव्हा पासपोर्ट पाहिजे होता म्हणून.

"किसने टाइप किया?"

कोणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मैंने. सब के सब." आणि त्याच खुर्चीपाशी उभी राहून सगळं सांगितलं. जामीन, रजा, कोरी जागा, न फाडलेले कागद. माझी हिंदी तशी यथातथाच, त्या दिवशी लिंगवचनाचा पार चुराडा झाला. पीआरओ माझ्याकडे बघत राहिला. ऑफिसर मध्येच हात वर करून म्हणाला, "यल्ला यल्ला, समझ गया." त्याने अडतीसच्या अडतीस कागद मागवले. बरेचसे जुन्याच छाप्याचे. जे नव्या छाप्याचे होते त्यांवर मजकूर तोच आणि तारखेची शाई सगळीकडे एकच. त्याने त्यांच्यावर आडवी रेघ मारली आणि कंपनी बंद झाल्याने काढलेले, अशी नोंद करायला लावली. अडतीस जण पात्र ठरले. एका सकाळीत.

मग त्याने विचारलं, "और कोई है? ऐसा कागज़वाला?"

"नौ लोग," मी म्हटलं. "कटिंग के."

"किधर हैं?"

"गए. सब इंडिया."

"साइन किया, कैन्सल हुआ, गया?" त्याने खांदे उडवले. "तो खलास, मॅडम. इधर नहीं है तो मैं क्या करूं?"

बाहेर आंटीने मला मिठी मारली. श्रीलंकन मुलगी रडत होती. इस्त्रीवाल्याने सगळ्यांना समोसे घेतले. एक तारखेला आंटी फुजैराला रुजू झाली. मला कंपनीने त्याच आठवड्यात घरी बसवलं आणि नवरा महिनाभर माझ्याशी तुटक वागला, मग विसरला.

मी नाही विसरले. त्या नऊ कागदांवर तारखा घालताना मला कळलं नव्हतं, असं मी नवऱ्याला सांगितलं, आंटीला सांगितलं, ऑफिसरलाही सांगितलं. ते खोटं होतं. पहिल्या कागदावर पेन टेकवताना हात थांबला होता. हा माणूस तर काढलेला आहे, मग हा कागद कशाला, असं मनात आलं होतं. मॅनेजर रुटीन म्हणाला आणि मला ते बरं वाटलं.

घरी बसवत नव्हतं. रजिस्टरातून उतरवून घेतलेले पत्ते काढले आणि नऊ पत्रं लिहिली, हिंदीत आणि मराठीत. काय झालं, कोणी केलं, आणि त्यांचं काय बुडालं. भारतातून तक्रार करता येईल का, याची चौकशी करते आहे, असंही लिहिलं. केलीही होती. काही होण्यासारखं नव्हतं.

आठ पत्रांचं काहीच आलं नाही. दोन महिन्यांनी इचलकरंजीहून एक पत्र आलं. खुशाली, लूमवर लागलोय, आईला बरं नसतं, तुमच्या मुलीला आशीर्वाद. आणि शेवटी लिहिलं होतं:

"ताई, तुम्ही तारीख घातली तेव्हा मी समोरच उभा होतो. मला इंग्रजी तेवढं वाचता येतं. विचारणार होतो. पण म्हटलं, आपल्या ताई लिहितायत, म्हणजे आपल्या भल्याचंच असेल."